सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थानिक माध्यमे आणि लघुव्यवसायांशी भागीदारी

सातारा व सांगली हे पश्चिम महाराष्ट्रातील दोन शेजारी जिल्हे आहेत. येथील दैनिके, साप्ताहिके, दिवाळी अंक, नभोवाणी केंद्रे आणि वृत्तवाहिन्या यांचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात स्थानिक व्यापारी, सराफ, पतसंस्था, शिकवणी वर्ग, दवाखाने आणि लघुउद्योग यांच्या जाहिरातींवर व प्रायोजकत्वावर चालते. या व्यवहारातून प्रसिद्ध होणारा मजकूर बातमीपासून वेगळा ओळखता यावा, तसेच माध्यमाचे व व्यावसायिकाचे आर्थिक नाते वाचकाला वा श्रोत्याला वेळीच कळावे, या अपेक्षेस येथे 'पारदर्शकता' म्हटले आहे. या अपेक्षेचा काही भाग कायद्याने, काही भाग वृत्तपत्रीय आचारसंहितेने आणि उरलेला भाग स्थानिक परिपाठाने सांभाळला जातो.

प्रदेश व माध्यमे

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन, त्यात विलीन संस्थानांचा मुलूख मिळवून 'दक्षिण सातारा' जिल्हा तयार झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या बाजारपेठा, नातेसंबंध आणि वाचकवर्ग आजही एकमेकांत गुंतलेले आहेत. कराडचा व्यापारी इस्लामपूर व सांगलीच्या ग्राहकाला आणि विट्याचा व्यापारी साताऱ्याच्या ग्राहकाला उद्देशून जाहिरात देतो.

साताऱ्यातून 'शुभसूचक' हे पत्र १८५८ मध्ये निघाले. मराठीतील आरंभीच्या वृत्तपत्रांत त्याची गणना होते. पुढील काळात साताऱ्यातून 'ऐक्य' व सांगलीतून 'जनप्रवास' यांसारखी जिल्ह्यापुरती दैनिके उभी राहिली. 'पुढारी', 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत' व 'केसरी' या बाहेरच्या शहरांत मूळ असलेल्या दैनिकांनीही या भागासाठी स्वतंत्र आवृत्त्या वा जिल्हापाने सुरू केली. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे. अलीकडे सामुदायिक रेडिओ, स्थानिक केबल वाहिन्या आणि मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या चित्रफीत-वाहिन्या यांची त्यात भर पडली.

या भागातील व्यवसाय बहुतांशी शेतीशी बांधलेले आहेत. सांगलीची हळद, सांगलीचे बेदाणे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. साताऱ्याचे कंदी पेढे हा शहराच्या ओळखीचाच भाग आहे. हळद-बेदाण्याचे अडते, बियाणे व खतांचे दुकानदार, शेती औजारांचे विक्रेते, सराफी पेढ्या, मंगल कार्यालये आणि भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादमी हे स्थानिक माध्यमांचे नेहमीचे जाहिरातदार होत.

महानगरातील वृत्तपत्राचा वाचक आणि जाहिरातदार बहुधा एकमेकांना अपरिचित असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र एकच व्यक्ती वाचक, वर्गणीदार, जाहिरातदार आणि बातमीचा विषय अशा चारही नात्यांनी वृत्तपत्राशी जोडलेली असू शकते. पतसंस्थेचा अध्यक्ष वर्धापनदिनाची पानभर जाहिरात देतो, आणि त्याच पतसंस्थेच्या वार्षिक सभेतील गोंधळाची बातमी त्याच वृत्तपत्राला छापायची असते. पारदर्शकतेचा प्रश्न येथे या निकट परिचयामुळे अधिक अवघड होतो.

पूर्वपीठिका : 'किर्लोस्कर खबर'

व्यवसायाने चालवलेले प्रकाशन उघडपणे व्यवसायाचे राहूनही वाचकांचा विश्वास मिळवू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण याच प्रदेशात घडले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना वसवला. ती वसाहत म्हणजे आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी होय. लोखंडी नांगर हे तेथील आरंभीचे प्रमुख उत्पादन होते. या मालाची माहिती शेतकरी, ग्राहक व विक्रेते यांच्यापर्यंत पोहोचावी म्हणून शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. शंकरराव हे शिक्षणाने चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते.

या पत्रिकेच्या नावातच कारखान्याचे नाव होते. ती कोणी काढली आणि का काढली, हे वाचकाला मुखपृष्ठावरच कळत असे. हळूहळू तिच्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा आणि ललित साहित्य यांना जागा मिळाली. १९२९ मध्ये नावातील 'खबर' हा शब्द गळून ती 'किर्लोस्कर' झाली. तिच्या जोडीला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. एका कारखान्याच्या माहितीपत्रकापासून सुरू झालेला हा प्रवास महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या वैचारिक जडणघडणीत महत्त्वाचा ठरला.

या उदाहरणाचे महत्त्व दुहेरी आहे. व्यवसायाचा पैसा प्रकाशनात असणे हा स्वतःहून दोष ठरत नाही, हे त्यातून दिसते. तसेच दोष कोठे सुरू होतो, हेही त्यातून स्पष्ट होते. पैसा कोणाचा आहे हे वाचकापासून लपवले गेले, की तोच मजकूर दिशाभूल करू लागतो.

दिवाळी अंकांची परंपराही अशाच उघड भागीदारीवर उभी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. तेव्हापासून गावोगावच्या दिवाळी अंकांचा खर्च मुख्यतः स्थानिक दुकानदारांच्या व संस्थांच्या शुभेच्छा-जाहिरातींतून निघत आला आहे. चौकटीतील शुभेच्छा ही जाहिरात आहे, याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही.

भागीदारीचे प्रकार

दर्शनी व वर्गीकृत जाहिराती: या जाहिराती कॉलम-सेंटिमीटरच्या दराने घेतल्या जातात. दरपत्रक, मागणीपत्र आणि बिल असा त्यांचा लेखी माग राहतो. मुद्रित माध्यमातील जाहिरात-जागेच्या विक्रीवर वस्तू व सेवा कराचाही वेगळा दर आहे. वकिलांमार्फत येणाऱ्या जाहीर नोटिसा आणि संस्थांच्या निविदा याच वर्गात मोडतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने हा सर्वांत निर्धोक प्रकार होय.

विशेष पुरवण्या: वृत्तपत्राचा वर्धापनदिन, दसरा-पाडवा, एखाद्या बाजारपेठेचा आढावा वा एखाद्या व्यक्तीचा वाढदिवस अशा निमित्ताने पुरवणी काढली जाते. तीत जाहिरातींच्या शेजारी त्याच जाहिरातदारांच्या यशोगाथा छापल्या जातात. चौकटीतील भाग जाहिरात आहे हे उघड असते. शेजारच्या यशोगाथेला मात्र बातमीचे रूप दिलेले असते, आणि संदिग्धता येथून सुरू होते.

जाहिरात-लेख: मोबदला घेऊन लेखाच्या वा मुलाखतीच्या रूपात छापलेला मजकूर म्हणजे जाहिरात-लेख. डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रकार विशेष नाजूक आहे. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे यांसारख्या प्रसंगी औपचारिक निवेदन देण्याची मुभा आहे. त्यामुळे मोबदला देऊन छापलेली 'आरोग्यविषयक मुलाखत' ही जाहिरातच ठरण्याची शक्यता असते.

उपक्रमांचे प्रायोजकत्व: खरेदी महोत्सव, कृषी प्रदर्शन, रांगोळी स्पर्धा, व्याख्यानमाला, गुणवंतांचा सत्कार वा उद्योजक पुरस्कार अशा उपक्रमांत माध्यम आयोजक असते आणि व्यावसायिक प्रायोजक. या उपक्रमांच्या बातम्याही तेच माध्यम देते. पुरस्कारार्थींची निवड कोणत्या निकषावर झाली आणि पुरस्कारप्राप्त व्यक्ती प्रायोजकांपैकी आहे काय, या दोन बाबी अशा वेळी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या असतात.

वस्तुविनिमय: लहान दुकानदाराजवळ रोख पैसा कमी आणि माल अधिक असतो. तो जाहिरातीच्या बदल्यात स्पर्धेची बक्षिसे, वर्गणीदारांसाठी भेटवस्तू वा कार्यक्रमासाठी सभागृह देतो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यात 'पुरवठा' या संज्ञेत विनिमयाचाही समावेश आहे. म्हणजे पैसे हातोहात गेले नाहीत, तरी तो व्यवहार हिशेबाबाहेरचा ठरत नाही.

मुद्रित माध्यमांसाठीचे नियम

भारतीय वृत्तपत्र परिषद १९७८ च्या कायद्यान्वये काम करते. तिच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत जाहिरात ही बातमीपासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे, असे म्हटले आहे. वृत्तपत्रात येणाऱ्या सर्व मजकुराची, जाहिरातींचीही, जबाबदारी संपादकावर असते. ती नाकारायची असल्यास तसे आधीच स्पष्टपणे नमूद करावे लागते. मराठी दैनिकांत 'जाहिरातीतील दाव्यांची वाचकांनी स्वतः खातरजमा करावी' अशा आशयाची जी चौकट आढळते, तिचे मूळ या तरतुदीत आहे. त्याच पानावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे देणारी मुद्रणओळ असते. ही ओळ छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने आणली. त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला.

मालकीचा तपशील हा पारदर्शकतेचा दुसरा घटक होय. १९५६ च्या नोंदणी नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात 'नमुना ४' हे निवेदन छापण्याची पद्धत रूढ झाली. त्यात मालकाचे नाव आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल धारण करणाऱ्यांची नावे द्यावी लागत. साखर कारखाना, शिक्षणसंस्था वा बँक यांच्याशी संबंधित व्यक्ती एखाद्या वृत्तपत्राची मालक आहे काय, हे वाचकाला या छोट्या चौकटीतून कळू शकत असे.

आर्थिक वार्तांकनाविषयी परिषदेचे नियम अधिक काटेकोर आहेत. पत्रकाराने कंपनीकडून भेटवस्तू, कर्ज, सवलत वा पसंतीचे भाग स्वीकारू नयेत. कंपनीच्या खर्चाने तिच्या कारखान्यास भेट दिली असल्यास तसे वृत्तान्तात नमूद करावे. हे नियम मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले असले, तरी औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याच्या 'पाहणी दौऱ्या'लाही ते तितकेच लागू पडतात.

राष्ट्रीय पातळीवर एका माध्यमसमूहाने २००५ च्या सुमारास जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे भागभांडवल घेण्याची पद्धत सुरू केली. अशा कंपनीविषयीच्या बातमीत माध्यमाचा हितसंबंध दडतो, हे भांडवल बाजार नियामक 'सेबी'ने २००९ मध्ये वृत्तपत्र परिषदेच्या निदर्शनास आणले. अशा बातमीसोबत माध्यमाचा भागहिस्सा जाहीर करावा, ही अपेक्षा त्यानंतर पुढे आली. लहान व्यवसायाशी होणारा व्यवहार आकाराने छोटा असतो, परंतु हितसंबंध उघड करण्याचे तत्त्व दोहोंस समान आहे.

पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न २००९ च्या लोकसभा व महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांनंतर देशभर गाजला. वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दशः सारखा स्तुतिपर मजकूर आल्याचे तेव्हा उघडकीस आले. वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने त्याची पाहणी केली आणि परिषदेने २०१० मध्ये अहवाल स्वीकारला. तेव्हापासून निवडणूक काळात जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती अशा मजकुरावर लक्ष ठेवते. व्यापारी स्वरूपाच्या छुप्या जाहिरातींसाठी मात्र अशी नित्य देखरेख करणारी जिल्हास्तरीय यंत्रणा नाही.

ठेवी, औषधे व शिकवण्यांच्या जाहिराती

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची झळ सर्वाधिक बसते ती ठेवीदार, रुग्ण आणि विद्यार्थी यांना. या तिन्ही क्षेत्रांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत.

सातारा व सांगली हा सहकारी बँका आणि पतसंस्थांचा प्रदेश आहे. रिझर्व्ह बँकेने सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ मध्ये आणि कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. या घटनांचा जाहिरातींशी संबंध जोडता येत नाही. परंतु वित्तसंस्थेच्या प्रकृतीविषयी खरी माहिती मिळणे ठेवीदारास किती आवश्यक असते, हे त्यांनी दाखवून दिले. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. आकर्षक व्याजदराची जाहिरात वाचताना हा फरक ग्राहकाच्या लक्षात येईलच असे नाही.

अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्यात वृत्तपत्रांविषयी एक उल्लेखनीय तरतूद आहे. अशा योजनेची माहिती वा जाहिरात एखाद्या वृत्तपत्रात आली असल्यास, त्याच पद्धतीने व त्याच जागी पूर्ण खुलासा विनामूल्य छापण्याचा आदेश शासन देऊ शकते. ही तरतूद 'जाहिरात' आणि 'माहिती' असा भेद करीत नाही. म्हणून योजनेची भलामण बातमीच्या रूपात केली, तरी खुलाशाची जबाबदारी टळत नाही.

औषधे व जादुई उपाय यांविषयीच्या १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनुसूचित रोगांवर हमखास इलाज सांगणाऱ्या जाहिरातींस मनाई केली आहे. जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणारा मुद्रक वा प्रकाशकही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. शिकवणी वर्गांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र वा गुण वापरण्यापूर्वी निकालानंतर त्याची लेखी संमती घेणे त्यांनुसार आवश्यक आहे. निकालाच्या दिवसांत निघणाऱ्या 'गुणवंतांच्या पुरवण्यां'वर या तरतुदीचा थेट परिणाम होतो.

सामुदायिक रेडिओ

सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुका हे अवर्षणप्रवण भाग आहेत. दोन्ही ठिकाणी सामुदायिक रेडिओ केंद्रे उभी राहिली. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनची 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ मध्ये सुरू झाली. तेथीलच माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून ग्रामीण स्त्रियांना कर्ज व बचतीच्या सेवा देत आहे. जत तालुक्यातील जालिहाळ येथून येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचे 'येरळावाणी' केंद्र चालते.

सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात स्थानिक व्यवसाय, सेवा, कार्यक्रम व रोजगार यांच्या मर्यादित जाहिरातींना परवानगी देण्यात आली. त्यासाठी तासाला पाच मिनिटांची मर्यादा ठरवली गेली. प्रायोजित कार्यक्रमांना सर्वसाधारणपणे मनाई होती. शासनाने व लोकहिताची माहिती देणाऱ्या संस्थांनी प्रायोजित केलेले कार्यक्रम हा त्यास अपवाद होता. जाहिरातीची वेळमर्यादा पुढे वाढत गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती तासाला बारा मिनिटे झाली.

या धोरणाची रचना वृत्तपत्रांच्या आचारसंहितेहून वेगळी आहे. वृत्तपत्राने जाहिरात ओळखू येईल अशी छापावी, एवढीच अपेक्षा असते. रेडिओवर मात्र जाहिरातीचा काळ मोजला जातो आणि प्रायोजित कार्यक्रमाचा दरवाजाच बहुतांशी बंद ठेवला जातो. शेळीपालन, भाजीविक्री वा शिलाईकाम करणाऱ्या स्त्रीची मुलाखत आणि तिच्या व्यवसायाची जाहिरात यांतील सीमारेषा त्यामुळे आखता येते. मुलाखतीसाठी मोबदला घेतलेला नसतो. जाहिरातीसाठी तो घेतला जातो आणि ती ठरलेल्या मिनिटांतच बसवावी लागते.

चित्रफीत-वाहिन्या व समाजमाध्यमे

मोबाइलवरील स्थानिक वाहिन्या आणि दुकाने-खानावळींची ओळख करून देणाऱ्या छोट्या चित्रफिती यांमुळे लहान व्यावसायिकाला अल्प खर्चात प्रसिद्धी मिळू लागली. त्याच वेळी बातमीदार, निवेदक आणि जाहिरातकार या तीन भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादक वा पुरस्कर्ता यांना दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याखालील जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीतील खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. मराठी चित्रफितीत खुलासा इंग्रजीत देणे त्यामुळे अपुरे ठरते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी पुस्तिका काढली. तीत रोख रकमेबरोबरच फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, पुरस्कार, नातेसंबंध आणि नोकरी यांनाही 'महत्त्वाचा हितसंबंध' मानले आहे. असा संबंध असल्यास तो सहज दिसेल व ऐकू येईल अशा रीतीने सांगणे अपेक्षित आहे. या व्याख्येप्रमाणे विनामूल्य जेवण घेऊन केलेली खानावळीची स्तुतीही मोबदल्याची ठरते.

१९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी स्वतंत्र नियम केले. तथापि ही उद्योगाने स्वेच्छेने उभारलेली संस्था आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये डिजिटल वृत्तप्रकाशकांनी वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिता पाळावी असे म्हटले होते. परंतु त्यातील संबंधित उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली.

बातमीदार आणि जाहिरातीचे दलाल

तालुक्याच्या ठिकाणी काम करणारा बातमीदार पुष्कळदा पूर्णवेळ पगारी नसतो. अल्प मानधनावर बातम्या देणे, अंकाची एजन्सी चालवणे आणि टक्केवारीवर जाहिराती मिळवणे ही कामे एकाच व्यक्तीकडे असण्याची प्रथा ग्रामीण पत्रकारितेत जुनी आहे. वृत्तपत्र परिषदेच्या २०१० च्या अहवालात या प्रथेवर नेमके बोट ठेवले आहे. बातमीदाराला पगार वा मानधन मिळावे, जाहिरातीच्या उत्पन्नातील टक्का नव्हे, अशी शिफारस त्यात आहे.

या प्रथेचा त्रास दोन्ही बाजूंना होतो. दुकानासमोरील अतिक्रमणाची वा भेसळीच्या तपासणीची बातमी आणि जाहिरातीची मागणी एकाच माणसाकडून आली, तर दुकानदाराला ती धमकी वाटू शकते. उलट जाहिरात नियमित देणारा दुकानदार आपली प्रतिकूल बातमी येऊ नये, अशी अपेक्षा बाळगू लागतो. प्रामाणिक बातमीदारही अशा वेळी संशयातून सुटत नाही. म्हणूनच जाहिरातीची मागणी व वसुली वेगळ्या प्रतिनिधीमार्फत करणे, ही व्यवस्था वाचकाइतकीच बातमीदाराच्या प्रतिष्ठेचेही रक्षण करते.

उघड करण्याच्या प्रचलित पद्धती

जाहिरात-लेखाच्या वरच्या कोपऱ्यात 'जाहिरात' वा 'प्रायोजित' हा शब्द छापणे, ही सर्वांत सोपी पद्धत होय. 'विशेष', 'उपक्रम', 'व्यापार-वार्ता' यांसारखे मोघम शब्द तिची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यांतून पैशाचा व्यवहार सूचित होत नाही. वेगळा टंक, रंगीत पार्श्वभूमी आणि स्वतंत्र पान यांचाही उपयोग होतो. बातमीदाराचे नाव वा 'प्रतिनिधी' हा उल्लेख अशा मजकुरावर न टाकणे हेही त्यात येते, कारण ती बातमीची खूण आहे.

पुरवणीच्या पहिल्या पानावर ती जाहिरात विभागाने तयार केल्याचे नमूद करता येते. उपक्रमांच्या बातमीत आयोजक माध्यम आणि प्रायोजक यांची नावे एकत्र दिल्यास नाते स्पष्ट होते. नभोवाणीवर कार्यक्रमाच्या आरंभी व अखेरीस प्रायोजकाचे नाव घेण्याची रीत जुनी आहे. या सर्व पद्धतींना खर्च जवळजवळ नसतो. त्यांचा भार पडतो तो जाहिरातदाराशी असलेल्या संबंधांवर, कारण 'बातमीसारखे दिसावे' यासाठीच त्याने पैसे मोजलेले असतात.

मर्यादा व तक्रारीचे मार्ग

वृत्तपत्र परिषद दोषी वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते वा त्याची निर्भर्त्सना करू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. तिची कक्षाही मुद्रित माध्यमांपुरती आहे. ग्राहक कायद्यात जाहिरातीच्या खरेपणाचा विचार प्रामुख्याने होतो. दावा खरा असेल, पण तो जाहिरात असल्याचे दडवलेले असेल, तर मुद्रित मजकुराच्या बाबतीत तक्रारीचे मुख्य स्थान परिषदच राहते. शिवाय नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जाहिरात छापणाऱ्या प्रकाशकाला ग्राहक कायद्यात बचावही उपलब्ध आहे.

मुद्रित मजकुराविषयी तक्रार असल्यास वाचकाने प्रथम संपादकास लेखी कळवावे लागते. समाधान न झाल्यास दैनिक व साप्ताहिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत आणि इतर नियतकालिकांच्या बाबतीत चार महिन्यांत वृत्तपत्र परिषदेकडे जाता येते. त्यासाठी मूळ अंकाचे कात्रण जोडावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविषयी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर, तसेच जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना अशा तक्रारींची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणास अहवाल देण्याचा अधिकार दिला आहे.